निर्णायक खेळीचा शोध

वाङ्मयविचारास वाहिलेल्या मासिकांत बुद्धिबळाच्या पटास जागा कशाकरितां, असें पुष्कळ वाचकांस वाटेल, आणि त्यांचें वाटणें अगदींच गैरवाजवी आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. या खेळांत आम्हीं स्वतः कधींच प्रावीण्य मिळविलेलें नाहीं. महाविद्यालयांत इंग्रजी काव्य व टीका शिकवितां शिकवितां सुमारें तीस वर्षें गेलीं. त्यांतून जो वेळ उरला त्यांतला थोडासा या पटाकडे गेला, एवढाच आमचा अधिकार. तरीहि एका डावाच्या शेवटाविषयीं येथें लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे; कारण त्या शेवटानें आमच्या टीकाव्यवसायांतील एक जुनी खोड आम्हांस दाखवून दिली, आणि ती खोड एकट्या आमचीच असेल असें वाटत नाहीं.

घडलें तें असें. गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आमचा एक विद्यार्थी घरीं आला. आठवड्यापूर्वीं वर्गांत एका इंग्रजी कवितेविषयीं त्यानें शंका काढली होती. त्या कवितेचा शेवट दुबळा आहे, हें सर्वमान्य मत त्यास पटेना. आम्हीं एका थोर टीकाकाराचें नांव घेतलें आणि त्यास खालीं बसविलें. त्या सायंकाळीं त्यानें कवितेचा विषय काढला नाहीं. कोपऱ्यांतला आमचा पट ओढून घेतला, त्यावर चार मोहरीं मांडलीं आणि विचारलें, "सर, खेळी काळ्याची आहे. डाव कोणाचा?" आम्हीं पांचसहा मिनिटें पाहिलें आणि सांगितलें, "डाव बरोबरीचा. हें स्थान कोठें तरी छापलेलें वाचल्याचें आम्हांस स्मरतें. तेथेंहि बरोबरीच दिली होती." तो म्हणाला, "छापली होती खरी, सर; पण ती फार दिवस टिकली नाहीं."

ती कां टिकली नाहीं, हें सांगण्यापूर्वीं 'निर्णायक' या शब्दाचा थोडा विचार करणें अवश्य आहे. बुद्धिबळाविषयीं बोलतांना आपण सुंदर खेळी, धाडसी खेळी आणि निर्णायक खेळी हे शब्द जणूं एकाच अर्थाचे असल्यासारखे वापरतों. याचें कारण असें कीं, ज्या खेळ्या लोकांच्या स्मरणांत राहतात त्यांत हे तिन्ही गुण बहुधा एकत्र आलेले असतात. १९१२ सालीं ब्रेस्लाउ येथें लेविट्स्की आणि मार्शल यांच्यांत झालेला डाव घ्या. मार्शलचा वजीर व एक हत्ती अशीं दोन्ही मोहरीं शत्रूच्या माऱ्यांत होतीं. अशा वेळीं त्यानें आपला वजीर उचलून शत्रूच्या राजासमोर अशा घरांत नेऊन ठेविला, कीं तेथें दोन प्याद्यांपैकीं कोणत्याहि प्याद्यानें किंवा वजिरानें, असा तीन प्रकारांनीं, तो मारतां यावा. लेविट्स्कीनें तेथेंच डाव सोडला. प्रेक्षकांनीं पटावर सोन्याच्या नाण्यांचा वर्षाव केला, अशी आख्यायिका मार्शलनेंच पुढें सांगितली आहे; ती शब्दशः खरी कीं नाहीं याविषयीं अद्याप वाद आहे.

नाणीं पडलीं असोत वा नसोत, तीं कशासाठीं पडलीं असतीं हें पाहण्यासारखें आहे. प्रेक्षकांस भुरळ पडली ती वजीर मरणाच्या दारांत नेऊन ठेवण्याची. पण त्या खेळीचें सामर्थ्य तेथें नाहीं. एका प्याद्यानें वजीर मारला तर घोडा मात करतो. दुसऱ्यानें मारला तर घोड्याच्या शहामागून हत्ती मात करतो. वजिरानें मारला तर घोडा शह देऊन तो वजीर परत घेतो आणि मार्शलकडे एक मोहरें अधिक उरतें. आणि मारलाच नाहीं तर वजीर पुढच्याच खेळींत मात करतो. चारहि वाटा बंद आहेत, म्हणून ती खेळी निर्णायक. यांतली एकच वाट मोकळी राहिली असती, तर तीच खेळी, तितकीच डोळे दिपविणारी असूनहि, मूर्खपणाची ठरली असती. संस्कृत साहित्यशास्त्रांतील भाषा वापरावयाची तर चमत्कृति येथें निर्णयाच्या पाठोपाठ आलेली आहे. तिच्यासाठीं निर्णय घेतलेला नाहीं. आमच्याकडील नवकवींच्या उपमांची परीक्षा करतांना हा भेद आपण पाळतों काय, याचा प्रत्येक परीक्षकानें आपल्या मनाशीं विचार करावा.

येथें एका मोठ्या लेखकाचा आक्षेप आडवा येतो. एडगर ॲलन पो यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' या कथेच्या आरंभींच बुद्धिबळाची बरीच अवहेलना केली आहे. तिचा आशय असा कीं, या खेळांत मोहऱ्यांच्या चाली नाना तऱ्हांच्या असल्यामुळें जें केवळ गुंतागुंतीचें तेंच लोक खोल समजतात. वस्तुतः येथें जिंकतो तो तीक्ष्ण बुद्धीचा मनुष्य नव्हे, ज्याचें लक्ष क्षणभरहि ढळत नाहीं तो. बुद्धीची खरी कसोटी साध्या सोंगट्यांच्या खेळांतच लागते, असें त्याचें म्हणणें. पोचें मत आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत मान डोलवून वाचलें. पटावर खेळतांना आमचे जे पराभव झाले, ते बहुतेक अनवधानामुळेंच झाले असल्यानें तें मत आम्हांस सोयीचेंहि होतें! परंतु आमच्या विद्यार्थ्यानें मांडलेल्या चार मोहऱ्यांनीं त्या मताचा आधारच काढून घेतला. तेथें गुंतागुंत नांवाला नाहीं, अनवधानास जागा नाहीं, आणि तरीहि जाणत्यांची दृष्टि चुकली.

तें स्थान असें. पांढऱ्याकडे राजा व एक प्यादें. काळ्याकडे राजा व एक हत्ती. प्यादें सातव्या घरांत पोंचलेलें आहे. आणखी एक पाऊल टाकलें कीं तें शेवटच्या घरांत जाऊन हवें तें मोहरें होणार. पांढरा राजा त्याच्या जवळच आहे. काळा राजा दूर, पांढऱ्याच्या डाव्या हाताच्या अगदीं कोपऱ्यांतल्या घरांत बसलेला. खेळी काळ्याची. १८९५ सालच्या मे महिन्यांत ग्लासगो शहरांतील 'ग्लासगो वीकली सिटिझन' या पत्राच्या बुद्धिबळाच्या सदरांत सदराचे चालक बार्बिये यांनीं तें मांडलें आणि काळ्यानें डाव बरोबरींत सोडवावा असें वाचकांस सांगितलें. त्यांनीं पुढें दिलेलें उत्तरहि सुंदर होतें. हत्ती शह देत जातो आणि राजा प्रत्येक शहास एकेक घर खालीं उतरत येतो, जशी एखाद्या वाड्याची पायरी उतरावी. तीन शह झाल्यावर राजा हत्तीच्या अंगावर येतो. तेव्हां हत्ती तळाच्या रांगेंत पळतो आणि तेथून नवा डाव टाकतो: प्याद्याचा आतां वजीर केला, तर हत्ती प्याद्याच्याच रांगेंत येऊन राजास शह देणार, आणि राजा हलला कीं मागचा वजीर गिळणार. पांढरा राजा हें ओळखून त्या रांगेंत हत्तीच्या शेजारीं येऊन उभा राहतो. आतां हत्तीचे उपाय सरले असें वाटतें.

पण सरलेले नसतात. हत्ती पुन्हां वर सरकून चौथ्या घरांत जातो. पांढरा प्याद्याचा वजीर करतो. हत्ती लगेच राजा आणि वजीर यांच्यामध्यें येऊन शह देतो. त्यास न मारावें तर तो वजीर मारतो. म्हणून वजिरानें त्यास मारणें भाग. आणि मारल्याबरोबर काय दिसतें? कोपऱ्यांतल्या काळ्या राजास शह नाहीं, परंतु हलावयास घरहि नाहीं. दोन घरें पांढऱ्या राजानें धरलेलीं, तिसरें वजिराच्या तिरप्या माऱ्यांत. काळ्याकडे दुसरें मोहरें उरलेलें नाहीं. राजा जिच झाला, आणि जिच म्हणजे बरोबरी. सर्वस्व गमावून अब्रू राखणाऱ्या या युक्तीचें कौतुक कोणास वाटणार नाहीं? आम्हांसहि वाटलें, आणि आम्ही तेथेंच थांबलों.

त्याच ग्लासगो शहरांत फर्नांडो सावेद्रा नांवाचे स्पेनमधून आलेले एक कॅथॉलिक धर्मोपदेशक राहत होते. खेळाडू म्हणून त्यांचा लौकिक नव्हता. आजहि त्यांचें नांव बुद्धिबळाच्या इतिहासांत आहे तें एका खेळीमुळें. छापलेलें उत्तर वाचून त्यांनीं कळविलें कीं, शेवटीं प्याद्याचा वजीर करूंच नये, हत्ती करावा. एवढेंच. वजीर झाला असतां जें तिसरें घर त्याच्या तिरप्या माऱ्यानें बंद होत होतें, तें हत्ती झाला असतां मोकळें राहतें. कारण हत्तीस तिरपी चाल नाहीं. तेव्हां काळ्या हत्तीनें मध्यें पडून जीव दिला, तरी राजा जिच होत नाहीं, आणि तो आत्मयज्ञ फुकट जातो. उलट नव्या हत्तीनें कडेच्या रांगेंत येऊन मात करण्याचा धाक घातलेला असतो. तो चुकवावयास काळ्यास आपला हत्ती त्या कडेच्या रांगेंत आडवा घालावा लागतो. मग पांढरा राजा एकच पाऊल पुढें टाकतो. त्या एका पावलानें काळा हत्ती माऱ्यांत येतो आणि तळाच्या रांगेंत मातहि उभी राहते. दोन्ही संकटें एका खेळींत निवारतां येत नाहींत. डाव संपला. बार्बिये यांनीं ही दुरुस्ती आपल्याच सदरांत प्रसिद्ध केली, ही त्यांच्या सचोटीची गोष्ट आहे. पुढें १९०२ सालीं इमॅन्युएल लास्कर यानें प्यादें एक घर मागें घेऊन व पहिली खेळी पांढऱ्यास देऊन हेंच स्थान पुन्हां मांडलें, आणि आज तें सर्व जगांत सावेद्रांच्या नांवानें ओळखलें जातें.

आतां प्रश्न असा कीं, ही खेळी इतरांस कां दिसली नाहीं? ती खोल दडलेली नव्हती. प्याद्याचा हत्ती करतां येतो हें पहिल्या महिन्यांत शिकणाऱ्या मुलासहि ठाऊक असतें. आम्हांस याचीं दोन कारणें दिसतात. पहिलें संवयीचें. प्यादें शेवटास पोंचलें कीं वजीर करावयाचा, ही गोष्ट हाताच्या इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं तेथें निवड करावयाची आहे हेंच मनास उमगत नाहीं. ल्यूइस कॅरल यानें १८७१ सालीं आरशापलीकडच्या जगाची गोष्ट लिहिली, तींत ॲलिस ही पटावरील प्यादें आहे. शेवटास पोंचल्यावर ती राणी होते, आणि वाचकाच्या कल्पनेस दुसरें कांहीं सुचतहि नाहीं. इंग्रजांची राणी म्हणजे आपला वजीर. पण मोह तोच. जें अधिक बलवान् तें अधिक उपयोगी, ही समजूत आपण पटावर येतांना बाहेरून घेऊन येतों. या एका स्थानीं अधिक बळ हेंच विघ्न होतें.

दुसरें कारण याहून गंभीर आहे. बरोबरी आहे असें छापलेलें होतें. आपण शोधूं लागतों तें कांहीं तरी सांपडेल या आशेनें. 'पांढऱ्यानें खेळून जिंकावें' असें खालीं लिहिलेलें असलें, म्हणजे सामान्य वाचकहि अर्धा तास डोकें खाजवितो. कारण विजय तेथें आहे एवढें तरी त्यास कळलेलें असतें. 'बरोबरी' असें लिहिलें कीं शोध थांबतो. निर्णय आधीं ऐकला म्हणजे वाचन नंतर होत नाहीं. झालेंच तर त्या निर्णयास पुरावे जमविण्यापुरतें होतें. आणि हा निर्णय दुसऱ्यानेंच द्यावा लागतो असेंहि नाहीं. याच १९०२ सालीं माँटे कार्लो येथें फॉन पोपील याच्याशीं खेळतांना गेओर्ग मार्को या नामांकित खेळाडूनें आपला अडकलेला उंट आतां जातोच असें ठरवून डाव सोडून दिला. प्रत्यक्षांत तोच उंट उचलून पांढऱ्या राजाच्या शेजारच्या घरांत नेला असता, तर एकीकडून मात आणि दुसरीकडून शत्रूच्या वजिरावर मारा, असे दोन धाक एकदम उभे राहून डाव मार्कोनेंच जिंकला असता. त्यानें पट पाहण्याचें थांबविलें तें आपल्याच निकालपत्रावर विश्वास ठेवून.

यावरून निर्णायक खेळी शोधण्याची कांहीं रीत सांगतां येईल काय? खेळाडूंमध्यें एक जुनें सांगणें आहे, कीं चांगली खेळी दिसली म्हणजे हात आवरावा आणि तिच्याहून चांगली आहे काय तें पाहावें. हें सांगणें खरें, पण अपुरें आहे. चांगल्याहून चांगली कशी ओळखावी हें त्यांत नाहीं. आमच्या अल्प समजुतीप्रमाणें प्रारंभ आपल्या बळापासून करूं नये, प्रतिपक्षाच्या आशेपासून करावा. तो कशाच्या आधारावर तग धरून आहे? सावेद्रांच्या स्थानीं काळ्याची सारी आशा एका रिकाम्या घरावर होती; तें घर पांढऱ्यानें आपण होऊन बंद करावें, म्हणजे आपण जिच होऊं, एवढीच. ज्यानें ही आशा ओळखली त्यास हत्ती शोधावा लागत नाहीं. तेथें हत्तीवांचून दुसरें कांहीं बसतच नाहीं. दहाव्या-अकराव्या शतकांत काश्मीरांत होऊन गेलेल्या कुंतकानें 'वक्रोक्तिजीवित' ग्रंथांत शब्दाविषयीं जें प्रतिपादिलें आहे तें येथें तंतोतंत लागू पडतें. एका अर्थाचे अनेक शब्द हाताशीं असतात. परंतु कवीचा शब्द तोच, जो विवक्षित अर्थ एकटाच सांगूं शकतो. त्याहून भारी, त्याहून गोड, त्याहून भरदार शब्द असतील. ते त्या जागीं ओळ जिच करतील. आमच्या गेल्या पिढींतील कित्येक कवितांच्या शेवटच्या कडव्यांत वजीर बसविलेले आहेत, आणि ज्याला डावाचा शेवट समजावयाचें तेथें केवळ कोंडी आहे, असें आम्हांस आतां वाटूं लागलें आहे.

कोणी म्हणेल, या सर्व विचाराचें आज काय प्रयोजन? पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरीं असलेल्या प्रत्येक स्थानाचा निकाल २०१२ सालापासून यंत्रांनीं लावून ठेविलेला आहे. सावेद्रांचें स्थान तर चारच मोहऱ्यांचें. खिशांतील यंत्रास विचारावें, तें क्षणांत हत्ती करावयास सांगेल आणि किती खेळ्यांत मात होईल तेंहि सांगेल. हें खरें आहे, आणि यंत्र येथें बार्बिये यांच्यासारखें चुकणार नाहीं हेंहि खरें. पण सर्वांत निर्णायक खेळी म्हणजे सर्वांत कमी खेळ्यांत मात करणारी, ही यंत्राची व्याख्या मनुष्यानें जशीच्या तशी घेणें शहाणपणाचें नाहीं. बारा खेळ्यांची मात, जिच्यांत एक पाऊल चुकलें तर सारें जाईल, आणि वजिरास वजीर देऊन मिळणारा सरळ, लांब, परंतु नि:संशय विजय, यांत जाणता खेळाडू बहुधा दुसरा पत्करतो. १९२१ ते १९२७ जगज्जेता असलेला कापाब्लांका या सरळपणासाठींच नांवाजला गेला. शिवाय यंत्राचा निकाल अचूक असला, तरी आपल्या दृष्टीनें तोहि एक छापलेला निकालच आहे. तो वाचून हत्ती कां, हें कळत नाहीं. तें कळावयास तें मोकळें घर स्वतः पाहावें लागतें.

हा विचार आपल्या परंपरेस परका नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. १८१४ सालीं मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचें बुद्धिबळावरील एक पुस्तक इंग्रजींत छापलें गेलें. तें मूळ संस्कृतावरून उतरविलेलें असून त्यांत मुख्यतः डावांतील आणीबाणीचीं स्थानें दिलेलीं आहेत. सोडविणाऱ्यानें पुढें पट मांडून बसावें आणि वाट काढावी, ही रीत मुंबईच्या छापखान्यांत अशी फार पूर्वींच पोंचलेली होती. मौज अशी कीं, जुन्या देशी खेळाच्या एका पद्धतींत प्यादें ज्या रांगेनें शेवटास जाई, त्या रांगेच्या घरधन्याचें रूप त्यास मिळे. त्या नियमानें सावेद्रांच्या प्याद्याचा उंट झाला असता, आणि एकट्या उंटानें मात होत नाहीं! निवड करण्याची मुभा नसेल तेथें निवड चुकण्याची भीतीहि नसते. ती मुभा ज्यास आहे त्यानें मात्र ती संवयीच्या हातीं सोंपवूं नये.

असो. त्या रात्रीं विद्यार्थी गेल्यावर आम्हीं ती कविता पुन्हां काढून वाचली. टीकाकाराचा ग्रंथ कपाटांतच ठेविला. शेवटच्या ओळींतील एक साधें, जवळजवळ घरगुती क्रियापद त्या थोर गृहस्थांस दुबळें वाटलें होतें, आणि त्यांच्यामागून गेलीं तीस वर्षें आम्हांसहि. त्याच्या जागीं कोणतें अधिक जोरकस पद घालतां येईल, तें आम्ही एकेक करून घालून पाहूं लागलों. दोन पदें घातल्यावर अर्थ बिघडला. तिसऱ्यानें वृत्त सांभाळलें, पण आधींच्या कडव्यांतून एक वाट मोकळी येत होती ती बंद झाली. कवितेचा शेवट निर्दोष आहे, असें आमचें मत अजूनहि झालेलें नाहीं. परंतु तो दुबळा आहे असें आम्हांस आतां छातीवर हात ठेवून सांगतां येत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं तसें सांगितलें. मागच्या बांकावरून आमचा तो विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "मग सर, ती कविता आज पुन्हां वाचूं या का?" तासाचीं वीस मिनिटें उरलीं होतीं. आम्हीं पुस्तक उघडलें.